सर, गुडघा अडकतोय

बेळगाव, ता. ९ जून १९३६

परशराम,

वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग कागद बदलला. साडेचार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता एकदम आशीर्वादानं सुरुवात करणं मलाच बरं दिसेना.

मी हेरेकर, तुझा ड्रिलमास्तर. तुझा हुबळीचा पत्ता मला कुणी दिला नाही. मष्णूच्या भूगोलाच्या पुस्तकातून तुझं कार्ड खाली पडलं. उचलून देताना पत्ता वाचला आणि लक्षात ठेवला. तुझा धाकटा भाऊ यंदा आमच्याच हायस्कुलात आला आहे, इंग्रजी पाचवीत. काकतीहून रोज सहा मैल चालत येतो आणि तरी पहिल्या घंटेला हजर असतो. चेहरा तुझ्या आईचा, चाल मात्र तुझी. म्हणजे तुझी पूर्वीची.

हे शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच.

त्याच्या अर्जावर तुझ्या वडिलांनी लिहून घेतलं आहे, 'मुलास खेळात घेऊ नये', आणि खाली त्यांचा, आण्णाप्पांचा, अंगठा आहे. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

लिहायचं कारण वेगळं आहे. मी शिकतो आहे. तुमच्या वेळी मला कवायत येत होती, जोर-बैठका येत होत्या, हुतुतूचे डाव येत होते. पाय मुरगळला की तेल लावून रगडायचा, गुडघा सुजला की पट्टा आवळायचा आणि 'चल, ऊठ' म्हणायचं, एवढंच माझं दुखापतीचं ज्ञान. आता दर रविवारी वडगावात भरमू नावाच्या विणकराकडे जातो. सगळे त्यांना भरमण्णा म्हणतात. महायुद्धात ते तीन वर्षं इराकात बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात वॉर्डात कामाला होते. मागावर बसल्या बसल्या मला शिकवतात. पहिल्याच दिवशी मी एका पोराचा सुजलेला घोटा दाबायला लागलो, तर म्हणाले, "मास्तर, दुखरा पाय मागनं. आधी चांगला बघा."

"तो कशाला?"

"चांगला कसा असतोय ते ठावं न्हाय, तर बिघडलाय कुठं ते कसं कळंल?"

आठ वर्षं मुलांचे पाय पळवले मी, परशराम, आणि एकदाही एका मुलाचे दोन पाय शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

त्या दिवशी जे घडलं ते घडलं. ते उकरून तुलाही त्रास, मलाही. उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

चिं. वा. हेरेकर


बेळगाव, ता. १९ जुलै १९३६

परशराम,

तुझं कार्ड मिळालं. 'मष्णूला मैदानावर नेऊ नका. मला पुन्हा लिहू नका.' यातली दुसरी गोष्ट मी मोडतो आहे, हे तुझ्या हातात कागद आहे त्यावरून दिसतंच.

मष्णू मैदानाच्या कडेला असतो. त्याच्याकडे मी औषधाची पेटी सांभाळायला दिली आहे. पत्र्याची जुनी ट्रंक आहे, तिच्यात भरमण्णांच्या हातमागाची धुतलेली पट्टी, कापूस, बांबूच्या तासलेल्या पट्ट्या, टिंक्चर आणि एक मोठी पाण्याची बाटली. गेल्या आठवड्यात शामू म्हणून एका मुलाचं बोट उलटं वळलं. कुणीतरी ओढायला धावलं. मष्णूनंच त्याचा हात धरून ठेवला, "ओढू नगासा, सर बघतील" म्हणून. बोट दोन पट्ट्यांत बांधून आम्ही त्याला कॅम्पात डॉक्टर मिनेझिसांकडे नेलं. ते म्हणाले, ओढलं असतं तर ते बोट पुन्हा मिटलं नसतं.

मैदानही बदललं आहे. तुमच्या वेळी तो नुसता मुरूम होता, आठवतोय ना, गुडघे सोलून निघायचे. जून महिनाभर मुलांनी आणि मी तो खणला, खडे वेचले, तळ्याकाठचा पोयटा गाड्यांनी आणून पसरला आणि वखारीतला लाकडाचा भुसा त्यात मिसळला. हेडमास्तर गलगली म्हणाले, "हेरेकर, हे मैदान आहे की मिरचीचा वाफा?" म्हणोत. पहिले पंधरा दिवस मी मुलांना सामना खेळूच दिला नाही. नुसतं पळणं, एका पायावर बसणं-उठणं आणि पडायचं कसं ते शिकवलं. पडणं शिकवावं लागतं हे मला पस्तिशीला पोचताना कळलं.

घरी माझी बायको कल्याणी म्हणते की मी झोपेतसुद्धा 'टाच टेकव' म्हणतो.

चिं. वा. हेरेकर


बेळगाव, ता. २८ ऑक्टोबर १९३६

परशराम,

मागच्या पत्रात मी तुला फसवलं. मष्णू पेटी सांभाळत होता हे खरं, पण त्याच आठवड्यापासून तो संघाबरोबर पळतही होता. आता तो संघात आहे. चढाईला जातो.

तू चिडशील. पण त्यानं मला काय सांगितलं ते ऐक. "सर, परशाअण्णासारखं खेळायचंय मला. तुमी न्हाय शिकवलं तर गावात तालमीच्या मागं दगडांत खेळतो." मला वाटलं, दगडांत खेळण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर बरा. वाटलं हे खरं. शिवाय त्याच्यासारखा चपळ मुलगा तुझ्यानंतर मला मिळाला नव्हता, हेही खरं. दोन्हींपैकी कुठलं आधी वाटलं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तुझ्या वडिलांच्या परवानगीशिवाय सामन्यात उतरवणार नाही असं ठरवून दसऱ्याला मी काकतीला गेलो. आण्णाप्पा भाताच्या बांधावर होते. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी घोंगडं पसरून मला बसवलं आणि म्हणाले, "थोरल्याच्या येळी तुमी मला सांगितलासा, पोरानं दुखणं लपवलं म्हून. तवापासनं माझा राग तुमच्यावर न्हाय, मास्तर. राग त्याच्यावर. ह्यो धाकटा लपवत न्हाय. ह्याला न्ह्या."

मी घोंगड्याच्या दशा ओढत बसलो. मग तुमच्या घरी तुझ्या आईनं ताक दिलं, ते प्यालो. गुणाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. परत येताना मष्णू वेशीपर्यंत आला आणि तेव्हा त्यानं ते सांगितलं, जे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. तू वडिलांना म्हणाला होतास, 'मी सरांना सांगितलं होतं.' ते म्हणाले, 'मास्तर खोटं बोलत न्हाय, तू लबाड हायस.' आणि त्या रात्री तू घर सोडलंस.

मी समजत होतो, गुडघ्यामुळे पोलिसात घेतलं नाही म्हणून तू हुबळीला गेलास.

आता ते लिहितो जे उकरायचं नाही असं मी जूनमध्ये म्हणालो होतो. तुला ते ठाऊकच आहे, पण माझ्या अक्षरात कुठंतरी असायला हवं. १९३१ चा डिसेंबर, उपांत्य सामना, उत्तरार्ध. तू लंगडत माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "सर, गुडघा अडकतोय." मी गुडघ्याकडे बघितलंही नाही, गुणफलकाकडे बघितलं. पट्टा आणखी दोन वेढे आवळला, पाठीवर थाप मारली आणि तुला रेषेच्या आत ढकललं. पुढच्याच चढाईत तू पडलास तो उठलाच नाहीस. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझे वडील धावत आले. मी घाबरलो होतो. म्हणालो, "पोरानं सांगितलंच नाही हो. लपवलं त्यानं." तेच दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना लिहून दिलं. शाळेच्या रजिस्टरात तुझ्या नावापुढे शेरा पडला, 'दुखापत लपवून शिस्तभंग केला.' व्हरांड्याचं दार उघडं होतं. तू खाटेवरून माझ्याकडे बघत होतास.

घडलं ते घडलं, असं नाही. मी घडवलं.

तुझ्या वडिलांना हे सांगणार आहे. डिसेंबरच्या सामन्यांनंतर सांगणार आहे. आधी सांगितलं तर ते मष्णूला काढून नेतील, असा हिशेब माझ्या मनात आहे. तो तुझ्यापासून लपवत नाही.

चिं. वा. हेरेकर


बेळगाव, ता. २१ डिसेंबर १९३६

परशराम,

मष्णूच्या पायाला लागलं आहे. पहिल्यांदा एवढंच वाच आणि धीर धर. हाड तडकलं आहे, जागचं हललेलं नाही. डॉक्टर मिनेझिस म्हणतात, सहा आठवडे प्लास्टर आणि नंतर नीट व्यायाम केला तर तो पूर्वीसारखा पळेल. आता सगळं सांगतो.

काल आंतरशालेय ढालीचा अंतिम सामना होता, निपाणीच्या शाळेशी. मैदानाभोवती दोरीला टेकून माणसं उभी. तुझे वडील गाडी जुंपून काकतीहून आले होते, डोक्याला नवा पटका. उत्तरार्धात आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. मष्णू चढाईला गेला, दोघांनी त्याचा पाय धरला आणि तिसरा पायावर पडला. शिट्टी झाली. मष्णू एका पायावर उड्या मारत परत आला आणि म्हणाला, "काय न्हाय सर, मुरगळलाय."

मी त्याला भुशावर बसवलं. दोन्ही पाय उघडे करून शेजारी ठेवले. आधी चांगला पाय चाचपला, मग दुखरा. घोट्याच्या खाली मऊ जागी दाबलं तर तो नुसता तोंड वाकडं करत होता. घोट्याच्या वरच्या हाडावर बोट ठेवलं, तसा त्यानं माझं मनगट धरलं. भरमण्णा शेजारी उभे होते. मी वर बघितलं, त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "संपलं तुझं आज. पट्ट्या काढ रे पेटीतल्या, शामू."

मष्णू रडायला लागला. दुखतंय म्हणून नाही. "सर, सात मिनिटं ऱ्हायल्यात. मी नुसता मागं उभा ऱ्हातो. पळत न्हाय."

"नाही."

तेवढ्यात गलगली दोरी ओलांडून आले. त्यांच्यामागे शाळा कमिटीचे चेअरमन. गलगली हळू आवाजात म्हणाले, "हेरेकर, मुलगा स्वतः तयार आहे. पट्टा बांधा आणि उभा करा. सहा गड्यांवर निपाणी आपल्याला चिरडेल."

"हाड तडकलंय, सर."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"डॉक्टर बघेपर्यंत मी ते तडकलंय असंच धरणार."

मग त्यांनी आवाज चढवला. दोरीपाशी उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल इतका. "याच्या भावाच्या वेळी तुमचं हे शहाणपण कुठं होतं? तेव्हा तुम्हीच लिहून दिलंत ना, मुलगा स्वतःहून उतरला, मास्तर काय करणार म्हणून? आता हा स्वतःहून उतरतोय."

आण्णाप्पा दोरीच्या आत आले होते. माझ्यापासून चार हातांवर. मुलाचा पाय बघत होते. मी मनाशी ठरवलेलं सगळं, सामन्यानंतर घरी जायचं, नीट बसून, शब्द जुळवून सांगायचं, ते सगळं तिथंच राहिलं. मी गुडघ्यावर बसलो होतो, मष्णूचा पाय माझ्या मांडीवर होता. तसाच म्हणालो, "ते मी खोटं लिहून दिलं होतं. परशरामानं मला सांगितलं होतं, 'सर, गुडघा अडकतोय.' मी त्याचा पट्टा आवळला आणि त्याला आत ढकललं. नंतर त्याच्यावर आळ घातला."

गलगली म्हणाले, "ही ती वेळ नव्हे."

मी म्हणालो, "पाच वर्षं वेळच शोधतोय."

तुझ्या वडिलांकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. माझे हात चालू होते म्हणून निभावलं. कापूस, दोन बाजूंना बांबूच्या पट्ट्या, घोट्याखालून वर पट्टी, बोटं उघडी. भरमण्णांनी ओला फडका वर ठेवला. बांधून झाल्यावर नखं दाबून पाहिली, रक्त परत येत होतं. तोवर सामना पुन्हा सुरू झाला होता. आम्ही चार गुणांनी हरलो. ढाल निपाणीला गेली. ती मुलं चांगली, जाताना त्यांचा कप्तान मष्णूजवळ येऊन बसून गेला.

आण्णाप्पांनी मष्णूला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. मी गाडीमागून कॅम्पापर्यंत चालत गेलो. डॉक्टरांच्या दारात ते वळले आणि मला म्हणाले, "तुमी भायेर थांबा."

मी बाहेर थांबलो. तासाभरानं ते मष्णूला घेऊन गेले. माझ्याकडे न बघता.

आज सकाळी गलगलींच्या टेबलावर मी एक कागद ठेवला. त्यात १९३१ ची हकीकत आहे, माझ्या सहीनिशी, आणि रजिस्टरातला तुझ्या नावापुढचा शेरा खोडावा अशी मागणी आहे. त्यांनी तो वाचला आणि खणात टाकला.

चिं. वा. हेरेकर


बेळगाव, ता. १८ जानेवारी १९३७

परशराम,

माझ्याकडून खेळ काढून घेतले आहेत. आता मी इंग्रजी पहिलीला शुद्धलेखन शिकवतो आणि लायब्ररीची पुस्तकं चिकटवतो. मैदानावर नवे मास्तर आले आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भुसा झाडून काढला.

तरी मुलं येतात. पाय मुरगळला की शाळेतून सरळ माझ्या अंगणात. कल्याणीनं ओसरीवर एक जुनी सतरंजी टाकून ठेवली आहे आणि पाण्याची घागर भरलेली असते. एकदा नवे मास्तरही एका मुलाला घेऊन आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं, दोन्ही पाय शेजारी ठेवून कसं बघायचं ते दाखवलं. काल त्यांनी पट्टीचं कापड मागून नेलं.

मष्णूबद्दल. पंधरवड्यापूर्वी तुझ्या आईचा निरोप आला. प्लास्टरच्या आत खाज सुटते, पाय बारीक झालाय असं वाटतं, आणि कुणीतरी आण्णाप्पांना सांगितलं की हे फोडून तेल लावून रगडलं तर आठ दिवसांत पोरगं चालेल. रगडणारा सोमवारी येणार होता.

सोमवारी मी रजा काढून पहाटेच काकती गाठली. तुझ्या वडिलांनी मला बघितलं आणि गोठ्यात निघून गेले. मी कट्ट्यावर बसलो. न्याहारी झाली, ऊन चढलं, रगडणारा आला. मी त्याला म्हटलं, "याला हात लावायचा नाही." तो म्हणाला, "तुमी कोण?" मी या घराचा कोण?

दुपारी भरमण्णा वडगावहून सायकलवर आले. ते सरळ गोठ्यात गेले. काय बोलले ते मला मष्णूनं नंतर सांगितलं, तो खिडकीशी कान लावून होता. "आण्णाप्पा, बसऱ्याला माझ्या हातनं मी एका शिपायाचं प्लास्टर फोडलं. तो रडायचा, मला दया आली. हाड सरकलं. गडी जन्मभर काठीवर. मास्तरावर राग धरा, व्हय, धरायलाच पायजे. पण त्या रागापायी पोराचा पाय देऊ नगासा."

तुझे वडील बाहेर आले. रगडणाऱ्याला म्हणाले, "जा तू." मला म्हणाले, "डाक्टर सांगतील त्या दिशी फोडू." एवढंच बोलणं.

मी रोज संध्याकाळी जात नाही. रविवारी जातो, कट्ट्यावरच बसतो. आत बोलावलेलं नाही आणि मी बोलावण्याची वाटही बघत नाही. मष्णूला प्लास्टरमध्येच बोटं हलवायला शिकवलं आहे, मांडी आवळायला, पाय सरळ वर उचलायला. दिवसातून पाच वेळा. तो मोजतो.

शेऱ्याबद्दलचा दुसरा कागदही खणात गेला, म्हणून गलगलींना तिसरा दिला. या वेळी त्याची एक प्रत कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी स्वतः नेऊन दिली.

चिं. वा. हेरेकर


बेळगाव, ता. १५ मार्च १९३७

परशराम,

या पाकिटात दोन कागद आहेत. पहिला शाळेच्या रजिस्टराची नक्कल. कमिटीच्या सभेत मला उभं करून सगळं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. चेअरमन म्हणाले, यापुढे तुम्हाला या शाळेत बढती मिळणार नाही. मी म्हणालो, शेरा खोडा. खोडला. तुझ्या नावापुढे आता लिहिलं आहे, 'दुखापत शिक्षकास सांगितली होती. शिक्षकाची चूक.' शिक्का स्पष्ट उठला आहे. पोलिसात भरती व्हायला आता त्याचा उपयोग नाही, गुडघा तर मिटत नाही. पण तुझं नाव आहे, ते स्वच्छ असलं पाहिजे.

दुसरा कागद म्हणजे हेच पत्र, आणि त्यातला पुढचा काही मजकूर माझा नाही.

प्लास्टर ३१ जानेवारीला निघालं. पाय काठीसारखा झाला होता, घोटा वळेना. मष्णूपेक्षा आण्णाप्पाच जास्त घाबरले. पहिला आठवडा कोमट पाण्यात नुसता घोटा फिरवणं. मग भिंतीला धरून टाच वर उचलणं. मग पिशवीत शेर-दोन शेर वाळू घालून ती पायाला बांधून पाय उचलणं. दुखलं तर थांबायचं आणि सांगायचं, सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, असं मी त्याला पहिल्या दिवशीच बजावलं. एकदा तो म्हणाला, "सर, आज ओढ बसतीय." मी लगेच सोडलं. तुझे वडील दारात उभे राहून बघत होते. ते तिथून हलले नाहीत.

काल रविवार. मष्णू नदीच्या वाळूत अनवाणी दोन फर्लांग चालला, मग हळू पळला. दोन्ही पायांचे ठसे सारखे उमटले होते. मी वाकून ते बघत होतो, तेव्हा आण्णाप्पा मागून आले आणि म्हणाले, "मास्तर, घरात चला. कागद दौत हाय का?"

मी म्हटलं, "मष्णू लिहील की."

"न्हाय. ज्या हातानं खोटं लिवलं त्याच हातानं खरं लिवून जाऊ दे. तुमच्याशी माझं अजून बोलणं न्हाय. लिवा."

तर त्यांनी सांगितलं तसं उतरवतो, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

'परशा, तुझा बा सांगतोय. तू लबाड न्हवतास. मी मास्तराचं ऐकलं, तुझं ऐकलं न्हाय. घरचं पोरगं सोडून परक्याचं खरं धरलं. चुकलो. मष्णूचा पाय बरा हाय, आज पळाला. तुझी आई रोज तुझं नाव काढतीया, मी काढू देत न्हवतो. आता देतो. जेवायला खाली बसता येत न्हाय म्हून तू येत नसशील, असं मष्णू म्हंटला. सुताराकडनं उंच बाकडं करून घेतलंय. सगळीच त्याच्यावर बसून जेवतो आमी, नवं न्हाय वाटणार तुला. पाडव्याला ये. न्हाय आलास तर मी हुबळीला येतो, मला रेलगाडीचं भ्या वाटतं तरी येतो. चुकलो.'

एवढं सांगून ते थांबले आणि म्हणाले, "वाचा." मी वाचून दाखवलं. तुझी आई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

मी म्हटलं, "आण्णाप्पा, 'चुकलो' हा शब्द दोनदा आला आहे. एक काढू का?"

त्यांनी चुलीकडे बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एक माझा हाय, एक तुमचा."

म्हणून दोन्ही तसेच ठेवले आहेत.

चिंतामणी हेरेकर